कापणीपूर्वीचा निवाडा

अकरा वर्षांच्या मुलाची बुद्धी एका परीक्षेत मोजता येते आणि त्या मापावरून त्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवता येते, असे इंग्लंडसारख्या सुशिक्षित राष्ट्राने एकेकाळी मनापासून मानले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील प्राथमिक शाळांच्या शेवटच्या वर्गातील मुलांना अंकगणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन अशा चाचण्या द्याव्या लागत. लोक या परीक्षेला 'इलेव्हन-प्लस' म्हणत. ज्यांची निवड झाली ती मुले ग्रामर स्कूलमध्ये जात. तेथून विद्यापीठ, वकिली, वैद्यकी, अध्यापन या वाटा फुटत. ज्यांची निवड झाली नाही त्यांना सेकंडरी मॉडर्न शाळा मिळे, आणि त्यांतील बहुतेक मुले पंधराव्या वर्षी कोणतेही प्रमाणपत्र हाती न घेता कारखान्यात, दुकानात किंवा खाणीत कामाला लागत. एकाच घरातील दोन भावंडे दोन निरनिराळ्या गणवेशांत सकाळी घराबाहेर पडत, आणि त्या गणवेशांचा अर्थ सगळ्या आळीला ठाऊक असे.

ही व्यवस्था पुढे बऱ्याच ठिकाणी मोडली गेली. तिच्या मोडण्याचा इतिहास हा केवळ एका देशाच्या शिक्षणखात्याचा इतिहास नव्हे. वाढत्या वयातील माणसाविषयी निवाडा देण्याचा अधिकार कोणाला, आणि तो निवाडा कधी द्यावा, हा एक नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे. लेस्टरशायर नावाच्या एका परगण्याने त्या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते त्याच्या यशासह आणि त्याच्या उणिवांसह समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या व्यवस्थेचे मूळ पाहू. १९२६ साली हॅडो समितीने प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाची सीमारेषा अकराव्या वर्षी आखावी अशी शिफारस केली. १९४३ च्या नॉरवुड अहवालाने त्यापुढे जाऊन सांगितले की, मुलांची मने ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. काहींना ज्ञानाचीच ओढ असते, काही यंत्र-तंत्रात रमतात, तर काहींना कल्पनांपेक्षा प्रत्यक्ष वस्तू अधिक सहजपणे कळतात. तीन प्रकारची मने, म्हणून तीन प्रकारच्या शाळा! १९४४ मध्ये आर. ए. बटलर यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या शिक्षण कायद्याने सरकारी खर्चाच्या शाळांतील माध्यमिक शिक्षण सर्वांना विनामूल्य केले. ही फार मोठी गोष्ट होती. त्या कायद्याने तीन प्रकारच्या शाळांचा आग्रह कोठेही धरला नव्हता. प्रत्येक मुलाला त्याचे वय, कुवत आणि कल यांना साजेसे शिक्षण मिळावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. परंतु अंमलबजावणी करणाऱ्यांनी नॉरवुड अहवालाचा साचा उचलला. तांत्रिक शाळा फारच थोड्या निघाल्या. त्यामुळे व्यवहारात दोनच प्रकार उरले: निवडलेल्यांची शाळा आणि न निवडलेल्यांची शाळा.

येथे एक तात्त्विक चूक आहे. माणसामाणसांतील फरक बहुधा प्रमाणाचा असतो; त्याला जातीचा फरक मानले की घोटाळा होतो. उंचीत उणेअधिक असते. पण अमुक इंचांच्या वरचे लोक एका जातीचे आणि खालचे दुसऱ्या जातीचे, असे आपण म्हणत नाही. रेषा आपण आखतो. निसर्गात ती नसते. इंग्लंडमध्ये तर ही रेषा मुलांच्या मनांवरून नव्हे, शाळांच्या बाकांवरून आखली जात होती. ज्या भागात ग्रामर शाळांच्या जागा जास्त, तेथे अधिक मुले 'हुशार' ठरत; ज्या भागात जागा कमी, तेथे तितक्याच गुणांचे मूल नापास होई. बऱ्याच ठिकाणी मुलींसाठी जागा कमी असल्यामुळे मुलाला पुरेसे ठरणारे गुण मुलीला पुरत नसत. मनाचा प्रकार जर खरोखरच ईश्वरदत्त असेल, तर तो जिल्ह्याची हद्द ओलांडताच कसा बदलतो? १९५७ मध्ये तेथील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेच्या अभ्यासात असे दिसून आले की, उत्तमोत्तम चाचण्या वापरूनही दहापैकी सुमारे एक मूल चुकीच्या शाळेत पाठवले जाते. दहांतले एक! हिशेबनीसाच्या दृष्टीने ही चूक क्षम्य असेल. परंतु त्या एका मुलाला आयुष्य एकच असते.

त्याच वर्षी लेस्टरशायरने आपला प्रयोग सुरू केला. हा परगणा इंग्लंडच्या मध्य भागात आहे. त्या काळी हिंकली गावाच्या आसपास मोजे व विणलेले कपडे तयार करणारे कारखाने होते, वायव्येला कोलव्हिलच्या बाजूस कोळशाच्या खाणी होत्या आणि बाकी मुलूख शेतीवाडीचा व कुरणांचा होता. राजकीयदृष्ट्या परगणा हुजूर पक्षाकडे झुकणारा. क्रांतीची भाषा तेथे कोणी बोलत नव्हते. १९४७ पासून १९७१ पर्यंत स्ट्युअर्ट मेसन हे तेथील शिक्षण-संचालक होते. सर्व मुलांना एकाच छताखाली घेणाऱ्या शाळा काढायच्या तर त्या दोन-दोन हजार विद्यार्थ्यांच्या असाव्या लागतील आणि त्यासाठी प्रचंड नव्या इमारती लागतील, अशी तेव्हा समजूत होती. मेसन यांनी निराळा विचार केला. उभ्या असलेल्या इमारतींनाच त्यांनी नवा क्रम लावला. शाळांची विभागणी मुलांच्या गुणांवर करण्याऐवजी त्यांनी ती वयावर केली. अकराव्या वर्षी परिसरातील सगळी मुले, कोणतीही निवड परीक्षा न देता, एकाच हायस्कूलमध्ये जातील. पूर्वीच्या सेकंडरी मॉडर्न शाळांचीच ही हायस्कूले झाली. चौदाव्या वर्षी ज्या पालकांची इच्छा असेल त्यांची मुले, पुन्हा कोणतीही परीक्षा न देता, ग्रामर स्कूलमध्ये जातील. अट एकच: मुलाला सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवू, असे वचन पालकांनी द्यावे. हिंकली आणि ओडबी-विगस्टन या दोन भागांत १९५७ मध्ये सुरू झालेली ही योजना १९६९ पर्यंत परगणाभर पसरली आणि इलेव्हन-प्लस तेथून हद्दपार झाली. शिक्षणाच्या इतिहासात ती 'लेस्टरशायर योजना' म्हणून ओळखली जाते.

तिचे पहिले फळ प्राथमिक शाळांत दिसले. परीक्षेचे ओझे उतरल्यामुळे शिक्षकांना मुलांकडे मोकळ्या नजरेने पाहता आले, आणि १९६० च्या दशकात दूर अमेरिकेहून लोक लेस्टरशायरचे बालवर्ग पाहण्यासाठी येऊ लागले. मेसन यांनी शाळांसाठी चांगल्या चित्रकारांची अस्सल चित्रे विकत घेतली. एरिक पिंकेट यांनी १९४८ मध्येच परगण्यातील शालेय मुलांचा एक वाद्यवृंद उभारला होता. पुढे सर मायकेल टिपेट यांच्यासारखे नामवंत संगीतकार त्याचे संचालन करण्यास आले. मुलांना उत्तम ते द्यावे, आणि त्यांतून कोण पुढे जातो हे मागाहून पाहावे, अशी ही वृत्ती होती.

तथापि या योजनेतील त्या एका अटीपाशी आपण थांबले पाहिजे. वचन देण्यास पैसे पडत नाहीत, असे आपल्याला वाटेल. परंतु सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा तेव्हा पंधरा होती. ज्या घरात पंधराव्या वर्षीच्या मजुरीची वाट पाहिली जात होती, त्या घरातील बापाला आणखी एका वर्षाचे वचन देणे जड होते. परीक्षेने मुलाला तोलणे बंद झाले. पण घराच्या परिस्थितीने तोलणे चालूच राहिले. पूर्वी निवाडा परीक्षक देत असे. आता तो, अनेकदा मनाविरुद्ध, बापाच्या तोंडून वदवला जाऊ लागला. १९७२ मध्ये इंग्लंडने ही मर्यादा सोळा केली आणि ते वचन निरर्थक ठरले. म्हणजे जो दरवाजा परगण्याच्या सदिच्छेने अर्धाच उघडला होता, तो पूर्ण उघडण्यासाठी देशाचा कायदा लागला. चांगल्या माणसाची योजनाही गरिबाकडून त्याच्यापाशी नसलेली गोष्ट मागू शकते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकणे न्यायाचे होईल, कारण ते पोकळ नाही. ग्रामर स्कूल ही गरिबाच्या हुशार मुलाची शिडी होती, असे अनेक जण आजही कृतज्ञतेने सांगतात. खाणकामगाराचा मुलगा विद्यापीठात गेला तो याच शिडीवरून. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांतील कित्येक मुले व्रतस्थांच्या ग्रामर शाळांतूनच डॉक्टर, शिक्षक आणि धर्मगुरू झाली. ती शिडी काढून घेतली तर धनिकांची मुले फी भरून वर जातील आणि गरिबाचे मूल मात्र खालीच राहील, हा त्यांचा आक्षेप आहे. त्याची खिल्ली उडवता येणार नाही.

तरी या शिडीविषयी दोन विचारवंतांनी जे सुचवले ते ध्यानात घ्यावे. आर. एच. टॉनी हे श्रद्धावान ख्रिस्ती आर्थिक इतिहासकार. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'इक्वॅलिटी' या ग्रंथात त्यांनी बेडकाच्या पिलांचे उदाहरण दिले आहे. असंख्य पिले डबक्यातच मरतात. थोडीच शेपटी टाकून काठावर येतात. काठावर आलेल्यांनी आपल्या यशाच्या गोष्टी सांगून डबक्यातल्यांचे समाधान करू पाहावे, हे कसले तत्त्वज्ञान, असा त्यांच्या उदाहरणाचा रोख आहे. दुसरे मायकेल यंग. १९५८ मध्ये त्यांनी गुणवंतांच्या राज्याचे एक उपरोधिक कल्पनाचित्र रंगवले. त्यांचा मुद्दा अधिक बोचरा आहे. जुन्या काळी गरिबाला निदान एवढे तरी म्हणता येत असे की, माझे नशीब फुटके, माझी योग्यता नव्हे. ज्या समाजात प्रत्येकाला शास्त्रोक्त माप लावून खाली बसवले जाते, तेथे खाली बसलेल्याला हा आधारही राहत नाही. आपण याच लायकीचे आहोत, असे तो मानू लागतो. मला वाटते, इलेव्हन-प्लसने केलेली सर्वांत खोल जखम हीच होती. तिने काही मुलांना कमी शिक्षण दिले, हे तर झालेच. शिवाय आपण कमी आहोत, हेही त्यांना अकराव्या वर्षी शिकवले.

संत थॉमस अक्वायनस यांनी वाटणीच्या न्यायाची चर्चा करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. एखाद्याला त्याच्या विद्वत्तेमुळे अध्यापकाचे आसन दिले तर तो न्याय. तो अमुक माणूस आहे एवढ्याच कारणाने दिले तर तो पक्षपात. म्हणजे प्रत्येक वाटणीत असे विचारले पाहिजे की, जी वस्तू वाटायची तिच्याशी सुसंगत असे कारण कोणते? अध्यापकाच्या आसनासाठी विद्वत्ता हे सुसंगत कारण आहे, यात शंका नाही. परंतु शिक्षण म्हणजे आसन काय? येथेच सगळा वाद आहे. शिक्षण हे पारितोषिक असेल तर ते जिंकणाऱ्याला द्यावे, हे योग्यच. पण शिक्षण ही भाकर असेल तर ती भुकेप्रमाणे वाढावी लागते. आई पानावर बसलेल्या मुलांतील सशक्त मुलाला दूध आणि अशक्त मुलाला पाणी वाढत नाही. बालकाचे शिक्षण हे आधी अन्न आहे आणि खूप उशिरा, प्रौढपणाच्या उंबरठ्यावर, ते काही अंशी पद होते. मोठ्यांच्या शर्यतीचा नियम लहानांच्या पंगतीला लावणे, हा वाटणीच्या न्यायाचा भंग आहे.

शुभवर्तमानाकडे वळलो तर दोन दाखले आठवतात आणि वरवर पाहता ते परस्परविरुद्ध वाटतात. एका दाखल्यात धनी आपल्या दासांना ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे कमी-अधिक द्रव्य सोपवतो. निवडीचे समर्थक हा दाखला हौसेने सांगतील. परंतु त्यात हिशेब कधी घेतला जातो, हे पाहावे. धनी दूरदेशी जातो, पुष्कळ काळ लोटतो आणि मग तो हिशेब मागतो. द्रव्य सोपवण्याच्या दिवशीच त्याने कोणाला नालायक ठरवलेले नाही. दुसरा दाखला गव्हाचा आणि निदणाचा. शेतात निदण दिसताच दास ते उपटून काढण्यास उतावीळ होतात; धनी त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्यावेत, अशी त्याची आज्ञा. मुलांना निदण म्हणावे असा या दाखल्याचा अर्थ नव्हे, हे सांगणे नलगे. कोवळ्या रोपांत काय गहू आणि काय निदण, हे ओळखण्याइतकी दासांची नजर भरवशाची नसते, असा त्याचा एक अर्थ आहे. निवाडा होणारच नाही, असे प्रभू सांगत नाही. तो कापणीच्या वेळी होईल आणि तो धन्याच्या हुकमाने होईल, असे सांगतो. दोन्ही दाखले मिळून एकच गोष्ट शिकवतात: माणसांत फरक असतात, परंतु निवाड्याला वेळ असते.

इंग्लंडच्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. १८५० मध्ये तेथे बिशपांची व्यवस्था पुन्हा स्थापन झाल्यावर १८५२ साली भरलेल्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या प्रांतिक परिषदेत गरीब कॅथलिक मुलांसाठी शाळा उभारण्याला चर्च-बांधणीच्याही आधी स्थान देण्यात आले. आयरिश मजुरांच्या वर्गणीतून त्या शाळा उभ्या राहिल्या. १९४४ च्या कायद्याने कॅथलिक शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारकडून येत राहिले, परंतु इमारतींचा निम्मा खर्च ख्रिस्तसभेवर पडला. १९५९ मध्ये सरकारी वाटा तीन-चतुर्थांश झाला, तोवर धर्मग्रामे कर्जाखाली वाकली होती. पैशांअभावी माध्यमिक शाळा बांधता न आल्याने अनेक कॅथलिक मुले पाचव्या वर्षापासून शाळा सोडेपर्यंत एकाच जुन्या शाळेत बसून राहिली.

जुलै १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १०/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढून सर्व शिक्षणाधिकारी संस्थांना निवडविरहित शाळांच्या योजना सादर करण्याची विनंती केली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीची घोषणा प्रसृत केली आणि शिक्षणाचा हक्क मानवी प्रतिष्ठेतूनच येत असल्यामुळे तो प्रत्येकाचा आहे, असे प्रतिपादले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु तेथील कॅथलिकांना दोन्ही हाका एकाच वर्षी ऐकू आल्या. त्यांच्या वचनाची खरी कसोटी १९७५ मध्ये लागली. सरकारकडून थेट अनुदान घेणाऱ्या नामांकित ग्रामर शाळांपुढे तेव्हा दोनच मार्ग उरले: निवड सोडून सर्वांच्या शाळा व्हा, किंवा अनुदान सोडून फी घेणाऱ्या खासगी शाळा व्हा. इतर बहुसंख्य शाळांनी दुसरा मार्ग धरला. कॅथलिक शाळांपैकी मात्र बहुसंख्य शाळा सर्वांसाठी खुल्या झाल्या. ज्या धर्मभगिनींनी आणि व्रतस्थ बंधूंनी पिढ्यान्‌पिढ्या निवडक मुले शिकवून नाव कमावले होते, त्यांनी शेजारच्या मॉडर्न शाळेच्या मुलांना आपल्या वर्गात जागा दिली. त्यात हानीही झाली. काही जुन्या परंपरा लोपल्या, काही चांगल्या शिक्षकांचा हिरमोड झाला. परंतु पंगत मोठी करण्यासाठी त्यांनी आपला मान कमी करून घेतला, हे विसरता येत नाही.

मग निवाडा संपला काय? नाही. ज्या शाळेत सगळ्यांना प्रवेश, तिच्या आतच अ, ब, क तुकड्या पडल्या. चांगल्या शाळेच्या परिसरातील घरांच्या किमती चढल्या आणि परीक्षेऐवजी घराचा पत्ता मुलाची निवड करू लागला. मार्गारेट थॅचर यांनी शिक्षणमंत्री या नात्याने १९७० मध्ये क्रॉसलंड यांचे परिपत्रक मागे घेतले, तरी त्यांच्याच कारकिर्दीत शेकडो शाळांनी निवड सोडली. १९९८ च्या कायद्याने नव्या ग्रामर शाळा काढण्यास मनाई केली, पण जुन्या राहू दिल्या. आजही इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा आहेत आणि त्यांपैकी ३२ एकट्या केंट परगण्यात आहेत. तेथे दहा-अकरा वर्षांची मुले सप्टेंबरात परीक्षेला बसतात. ज्यांना परवडते ते खासगी शिकवणी लावतात. आणि गरीब घरांतील मुलांचे प्रमाण त्या शाळांत फार थोडे आहे. म्हणजे गरिबाची शिडी बहुतांशी सुस्थितांच्या अंगणात जाऊन उभी राहिली आहे. लेस्टरशायरमध्येही २०१० नंतरच्या दशकात शाळा स्वायत्त झाल्यावर बहुतेक शाळांनी आपापले वयोगट बदलले आणि मेसन यांची चौदाव्या वर्षीची दुमजली रचना जवळपास संपली. इलेव्हन-प्लस मात्र तेथे परतली नाही.

कोणतीही रचना न्यायाची कायमची हमी देऊ शकत नाही, हे या इतिहासावरून दिसते. म्हणून रचना निरर्थक, असे मात्र नाही. एखाद्या व्यवस्थेत मुलांविषयी जे निवाडे दिले जातात त्यांना आपण दोन प्रश्न विचारू शकतो. पहिला: हा निवाडा मागे घेता येतो काय? तेराव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी जागे होणाऱ्या मुलासाठी पुन्हा दार आहे काय? दुसरा: ज्याची निवड झाली नाही त्याच्या पानात काय वाढले जाते? निवडलेल्यांना चांगले शिक्षक, चांगली इमारत, चांगले ग्रंथालय, आणि न निवडलेल्यांना उरलेसुरले, अशी वाटणी असेल तर परीक्षा कितीही निर्दोष असो, ती व्यवस्था अन्यायाचीच आहे. द्राक्षमळ्याच्या धन्याने अकराव्या तासाला आलेल्या मजुरालाही दिवसाची पूर्ण मजुरी दिली. पहाटेपासून राबणाऱ्यांनी कुरकुर केली, तरीही दिली. उशिरा येणाऱ्याचीही भूक दिवसाचीच असते, हे त्याला ठाऊक होते.

हे प्रश्न इंग्लंडपुरते मर्यादित नाहीत. शाळांच्या व्यवस्थापनात बसणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी, वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनी आणि निकालपत्रावर सही करणाऱ्या आईवडिलांनी ते स्वतःला विचारण्यासारखे आहेत. मुलाचे गुण पाहावेत, त्याला हवी ती मदत द्यावी, जेथे ते कमी पडते तेथे स्पष्ट सांगावे; हे सर्व आपले कर्तव्य आहे. परंतु ते कोण आहे आणि काय होणार, हा शेवटचा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. आपल्याकडे सोपवलेले काम नांगरण्याचे, पेरण्याचे आणि पाणी घालण्याचे आहे.